सलाईनची बाटली

गेल्या मार्गशीर्षात आम्ही आठ दिवस रामाकोन्यास राहून आलो. नागपूर-छिंदवाड्याची ती छोटी गाडी २०१५ साली बंद पडली आणि तिच्या जागी आता रुंद रुळांवरची गाडी धावते. २०२३ पासून जिल्हाही बदलला आहे. पत्त्यावर छिंदवाड्याऐवजी पांढुर्णा लिहावे लागते. बाकी संत्र्यांचे मळे तेच आणि घराघरांतील वऱ्हाडी वळणाची मराठीही तीच. मात्र आमचे जाणे हिंडण्याफिरण्यासाठी नव्हते. आमचे थोरले मामा अखेरच्या दुखण्यात होते.

मामांना यकृताचा कर्करोग. नागपूरच्या डॉक्टरांनी, आता उपचार करण्यासारखे काही राहिले नाही, घरी न्या, असे स्पष्ट सांगितले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा चार दिवस त्यांच्या पोटात अन्न नव्हते. पेजेचा चमचा ओठांशी नेला की ते ओठ घट्ट मिटून घेत. ओसरीवर मात्र वादाला तोंड फुटले होते. थोरल्या मामेभावाने कंपाउंडरला निरोप धाडला होता. त्याचे म्हणणे एकच, "बाटली लावल्याबिगर कसं जमीन? बाप उपाशी मेला, असं म्हनतीन लोकं." धाकट्याचे म्हणणे, काही टोचू नका. मामी दाराआड बसून होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "ह्यायनं अन्न सोडलं आता."

मामींचे ते वाक्य आमच्या मनात फार दिवस घोळत राहिले. आपली भाषा 'अन्न सोडले' म्हणते. यात सोडणारा कर्ता स्वतः रोगी असतो. जुन्या बायका हे शांतपणे म्हणत आणि मग तुळशीपत्र व गंगेच्या पाण्याची लोटी जवळ आणून ठेवीत. आपण शिकलो, दवाखाने पाहिले, आणि 'सोडले' याऐवजी 'मिळाले नाही' असे म्हणू लागलो. तेथून अपराधाची टोचणी सुरू होते.

त्या बाटलीत असते तरी काय? पाच टक्के ग्लूकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम ग्लूकोज असते, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे साखर. एका भाकरीतूनही याहून अधिक शक्ती मिळते. नुसत्या सलाईनमध्ये तर पाणी आणि मीठ एवढेच. त्यात अन्नाचा कणही नाही. बाटली टांगली म्हणजे जेवू घातले, ही आपली समजूत साफ खोटी आहे.

शिवाय शरीर आवरते घेऊ लागले की मूत्रपिंडे मंदावतात. मग शिरेतून घातलेले पाणी जायचे कोठे? ते पायांवर सूज होऊन दिसते, पोटात साचते, फुफ्फुसांत उतरते आणि श्वासाची घरघर वाढविते. अशा वेळी भूकही बहुधा उरत नाही. तोंड कोरडे पडते हे खरे. पण त्या कोरडेपणावर शिरेतील पाण्याचा फारसा उपाय चालत नाही. अमेरिकेत २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाढलेल्या कर्करोगाच्या १२९ रोग्यांपैकी काहींना रोज एक लिटर आणि काहींना नाममात्र शंभर मिलिलिटर सलाईन दिले. कोणाला किती मिळते हे रोग्यालाही ठाऊक नव्हते आणि वैद्यांनाही. त्रास कमी होण्याच्या बाबतीत दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

याचा अर्थ बाटली वाईट, असा कोणी घेऊ नये. हगवणीने सुकलेल्या लेकराला तीच बाटली परत आणते. घशातील गाठीमुळे गिळता येत नाही, पण भूक आहे आणि हिंडण्याफिरण्याची ताकद आहे, अशा माणसाला नळी हे वरदानच. प्रश्न आहे तो रोग पालटणार नाही आणि दिवस थोडे उरले आहेत अशा वेळचा. तेथे निर्णय डॉक्टरांशी बोलूनच व्हावा.

आम्ही हे अधिकाराने सांगतो असे नव्हे. एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या मातोश्रींना, त्यांची स्मृती पार गेलेली असताना, नाकातून नळी घातली गेली. त्या ती उपसून काढीत. तेव्हा त्यांचे दोन्ही हात पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधले. संमतीच्या कागदावर सही आमची होती. बांधलेल्या हातांनी त्या सतरा दिवस जगल्या. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात अशा नळीने आयुष्य वाढते असा पुरावा नाही, हाताने सावकाश जे जाईल ते भरवावे, असे जाणकार वैद्य सांगतात. ते आम्ही फार उशिरा वाचले.

हाताने भरवणे म्हणजे काय, ते मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांनी दाखविले. १९७३ साली तेथेच हल्ला होऊन निपचित पडलेल्या अरुणा शानबाग यांना त्यांनी वर्षानुवर्षे मऊ केलेले अन्न भरविले. त्यांचे अन्न थांबवावे, असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा या परिचारिकांचा त्याला विरोध होता. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने अर्ज नाकारला. पण त्याच निकालाने कृत्रिम उपचार थांबविण्याची वाट या देशात प्रथमच, कडक अटींवर, मोकळी झाली. अरुणाबाई १८ मे २०१५ रोजी वारल्या. पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने, आपल्या अखेरीस कोणते उपचार नकोत हे शुद्धीवर असताना लिहून ठेवण्याचा हक्क मान्य झाला. २०२३ साली त्याची रीत सोपी झाली: दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती प्रमाणित करून घ्यायची. इंदूर-बडोद्यापासून हैदराबादपर्यंत विखुरलेल्या आपल्या कुटुंबांत मुले चार गावी असतात आणि ऐन वेळी एकमेकांना फोनवर दटावीत असतात. हा कागद त्यांचे भांडण तरी वाचवील.

रामाकोन्याहून पवनार काही फार दूर नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये तेथे विनोबांनी अन्न आणि औषध घेणे सोडले व दिवाळीच्या दिवशी, १५ तारखेस, देह ठेवला. विनोबांची गोष्ट आम्ही ओसरीवर काढली तेव्हा थोरला भाऊ चिडून म्हणाला, "ते संत होते. माझा बाप शेतकरी हाय." या उत्तरावर आम्हांला बोलता आले नाही. खरेच, मामांनी व्रत घेतले नव्हते. त्यांचे शरीरच नको म्हणत होते.

संध्याकाळी सौसरहून डॉक्टर आले. त्यांनी कोणाला उपदेश केला नाही. नुसते थोरल्याला जवळ बोलावून मामांच्या सुजलेल्या पावलावर त्याचा अंगठा दाबायला लावला. पडलेला खळगा बराच वेळ भरून येईना. "याच्यात अजून पाणी घालू?" एवढेच त्यांनी विचारले. मग स्वच्छ फडक्याची सुरळी ओली करून तोंड कसे पुसायचे, ओठांना तूप कसे लावायचे, कुशीवर कसे वळवायचे आणि वेदनेचे औषध कधी द्यायचे, हे दाखवून ते निघाले. कंपाउंडर आणलेली बाटली पिशवीत परत घालून त्यांच्यामागे गेला.

रात्री आम्ही पाणी प्यायला उठलो तर थोरला भाऊ खाटेजवळ बसलेला. कोणीतरी जामसावळीच्या मारुतीचे तीर्थ आणून दिले होते. त्यात कापसाची वात भिजवून तो ती बापाच्या जिभेवर टेकवीत होता. मामांनी ती हळूच चोखली, दुसऱ्यांदा तोंड फिरविले. त्याने वात वाटीत ठेवली आणि आम्हांला म्हणाला, "पुरे म्हनते बुढा."