तारपा वाजवणाऱ्याला नाव आहे

मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या दुकानात जा. कुर्ता, पिशवी, चहाचा कप, भिंतीवरचे घड्याळ, यांपैकी कशावर तरी पांढऱ्या रेघांतली माणसे हातात हात घालून गोल नाचताना दिसतीलच. गोलाच्या मधोमध एकजण किंचित वाकून लांबलचक वाद्य फुंकत असतो. त्या वाद्याचे नाव तारपा. डहाणू-तलासरीच्या वारली समाजाचे हे चित्र आज जगभर विकले जाते. पण ते विकत घेणाऱ्यांपैकी किती जणांनी तारपा कानांनी ऐकला आहे? चित्रातला तारपा मुका आहे आणि बाजाराला तो मुकाच सोयीचा आहे. मुक्या वाद्याच्या वादकाचे नाव विचारावे लागत नाही आणि त्याला मानधनही द्यावे लागत नाही.

२०२६ च्या प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने पालघर जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यातील वाळवंडा गावचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा ते नव्वदीच्या घरात होते. या सन्मानाचे आम्ही मनापासून स्वागत केले. मात्र स्वागत करून थांबणे आम्हाला मान्य नाही. अशा पद्म मानकऱ्यांना प्रसारमाध्यमे ‘अप्रसिद्ध नायक’ म्हणतात. अप्रसिद्ध कोणाला? ज्यांच्या पाड्यांवर भात कापणीच्या दिवसांत तारप्याच्या आवाजावर पिढ्यान्पिढ्या पाय थिरकले, त्यांना तारपावादक कधीच अप्रसिद्ध नव्हता. अप्रसिद्ध होता तो शहराला, अकादमीला आणि आमच्यासारख्या शिकलेल्या माणसांना. शिवाय असा सत्कार झाला की कलावंताच्या वयाची आणि गरिबीची चर्चा फार होते, त्याच्या कलेची मात्र होत नाही. म्हणून आज आम्ही कलेबद्दलच बोलणार आहोत.

तारपा म्हणजे काय? वाळवून पोकळ केलेला दुधीभोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांवर बोटांसाठी भोके आणि शेवटी ताडाच्या पानांचा गुंडाळत नेलेला मोठा कर्णा. सांधे बुजवायला मधमाशीचे मेण. नळ्यांच्या तोंडाशी बांबूची चिरलेली पातळ जीभ असते आणि फुंकरीने ती थरथरते, म्हणून नाद निघतो. या यादीत बाजारातून आणावे लागेल असे काहीच नाही. दुधी अंगणातल्या वेलाचा, बांबू आणि मेण रानातले, पाने ताडाची. पण सामान साधे म्हणून वाद्य साधे, असे समजणारा माणूस वाद्य जाणत नाही. दुधी कच्चा राहिला तर तडकतो, मेण सैल बसले तर हवा गळते. जीभ जाड राहिली तर बोलत नाही आणि पातळ झाली तर किंचाळते. दोन नळ्यांचे सूर एकमेकांशी जुळवायचे ते कानाने. हे ज्ञान कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाने दिलेले नाही. ते बापाने मुलाच्या हाताला दिलेले आहे. धिंडा यांच्यासारखा वादक आपला तारपा स्वतः बनवतो. म्हणजे तो वादक आहे तसाच वाद्यकारही आहे.

आता त्याच्या नादाकडे या. सनई वाजवणारा ओठांत पट्टी धरतो, तिच्यावर ओठांचा दाब कमीजास्त करतो. तारप्यात ती जीभ दुधीच्या पोटात बंद असते, वादकाचा ओठ तिला लागतच नाही. त्यामुळे जिभेने सूर तोडता येत नाही आणि जे काही करायचे ते बोटांनी आणि श्वासाने करावे लागते. त्यात हा आवाज थांबत नाही. तोंडात साठवलेली हवा गालांनी बाहेर ढकलायची आणि त्याच क्षणी नाकाने नवा श्वास आत घ्यायचा, ही विद्या साधल्याशिवाय तारपा वाजत नाही. नाच रात्र रात्र चालतो आणि तितका वेळ हा श्वास तुटू द्यायचा नसतो. ऑस्ट्रेलियातील आदिवासी डिजरीडू नावाचे लांब लाकडी वाद्य याच पद्धतीने फुंकतात आणि ते ऐकायला जगभरचे संगीतप्रेमी तिकिटे काढतात. तारप्याचा नाद भरीव आणि किंचित घोगरा असतो. अंधारात तो दूरच्या पाड्यापर्यंत पोहोचतो. तो कानाला ऐकू येतो आणि पायालाही कळतो.

तारपावादक नाचाला साथ देत नाही, तो नाच चालवतो. पुढे घोळकाठी घेतलेला नाचाचा म्होरक्या आणि त्याच्यामागे एकमेकांना धरून स्त्री-पुरुषांची साखळी, असा तो गोल तारप्याभोवती फिरतो. तारप्याने चाल बदलली की पावले बदलतात. वादकाकडे कोणी पाठ फिरवत नाही. असा मान आमच्या सभागृहांत किती वादकांना मिळतो?

थोडे जगाकडे पाहू. अमेरिकेत जॅको पास्टोरियस नावाचा बेस गिटार वाजवणारा होऊन गेला. जन्म १९५१, मृत्यू १९८७. जॅझ संगीतात बेस म्हणजे मागे उभे राहून ठेका सांभाळणारे वाद्य. पास्टोरियसने आपल्या गिटारच्या दांडीवर धातूचे पडदे ठेवले नाहीत आणि लाकडावर होड्यांना लावतात तसल्या इपॉक्सीचा लेप दिला. त्या दांडीवरून बोट सरकले की वाद्य माणसासारखे गाऊ लागे. त्याने मागच्या रांगेतले वाद्य पुढे आणले. आज त्याच्या मृत्यूला इतकी वर्षे झाली, तरी त्याने कोणता लेप लावला यावर जाणकार चर्चा करतात. आम्हाला त्या चर्चेचे कौतुकच वाटते, कारण कलावंताला मान देण्याची तीच रीत आहे. आपल्याकडेही पन्नालाल घोष यांनी बासरी लांब केली, तिला सातवे भोक पाडले आणि गुराख्याची बासरी रागदारीच्या मंचावर नेली, हे शिकवले जाते. बिस्मिल्ला खान यांनी लग्नाच्या दारातली सनई मैफलीत नेली आणि २००१ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. मग वाळवंड्याच्या वादकाने दुधी किती दिवस वाळवला, मेण कसे लावले, कर्णा किती लांब केल्यावर आवाज कसा बदलला, हे विचारायला कोणी का जात नाही? एकाची युक्ती ‘शोध’ ठरते आणि दुसऱ्याची युक्ती ‘लोकपरंपरा’. परंपरा म्हटले की व्यक्ती पुसली जाते. हा भेद वाद्यात नाही, तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे.

हा भेद आमच्या समाजाने फार जवळून भोगला आहे. वाद्य वाजवणे ही आमच्या वाडवडिलांसाठी अनेक गावांत कला नव्हती, ती गावकीची सक्ती होती. ज्याने वाजवायचे त्याने दूर उभे राहायचे, आणि वाजवून झाले की भाकर मागायची. ते वाजवणे आमच्या माणसांनी बाणेदारपणे सोडले आणि योग्यच केले. पुढे तेच कान आणि तोच गळा घेऊन वामनदादा कर्डकांसारखे कवी-गायक स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या विचारासाठी गाऊ लागले. वाजवायला लावणे आणि वाजवणे यांतला फरक आम्हाला कोणी पुस्तकातून समजावण्याची गरज नाही.

म्हणूनच तलासरीच्या भूमीत तारप्याचा अर्थ आम्हाला वेगळा लागतो. याच भागात वारली माणूस सावकार-जमीनदारांची वेठ करत होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही ‘लग्नगडी’ म्हणून राबत होती. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठला. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलासरीत जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. ज्या माणसाचा दिवसभराचा घाम सावकाराच्या मालकीचा होता, त्याचा रात्रीचा श्वास मात्र त्याचा स्वतःचा होता. तारप्याभोवतीच्या गोलात सावकाराला जागा नव्हती. तारपा कोणाच्या हुकमाने वाजत नव्हता. आज तोच तारपा पाहुण्यांच्या स्वागतासाठी रांगेत उभा केला जातो, पत्रिकेत ‘आदिवासी नृत्य पथक’ एवढाच उल्लेख होतो आणि वादकाचे नाव निवेदकालाही माहीत नसते. ही वेठीची नवी तऱ्हा नाही तर काय आहे?

चित्राच्या बाबतीत हा अन्याय थोडा तरी कमी झाला. डहाणूच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी लग्नघराच्या भिंतीवरचे चित्र कागदावर-कापडावर आणले. त्यांचे नाव जगाला कळले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले, पण वारली चित्रकाराला नाव असते हे सिद्ध करून गेले. मशे यांच्या चित्रांतून तारप्याचा गोल जगभर गेला. मात्र तो गोल ज्याच्या फुंकरीवर फिरतो, त्याला पद्मश्री मिळायला आणखी १५ वर्षे लागली.

आता कायद्याचे बोलू, कारण नुसत्या कौतुकाने पोट भरत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कला सादर करणाऱ्याची व्याख्या आली. त्यात नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार आहेत आणि गारुडीसुद्धा आहे. गारुड्याची पुंगी दुधीचीच असते, तारपा तिचाच मोठा भाऊ. तेव्हा तारपावादक कायद्याने कलावंत आहे, याबद्दल शंका नको. त्याच्या संमतीशिवाय त्याच्या वादनाचे ध्वनिमुद्रण वा चित्रीकरण करून ते विकता येत नाही. हा हक्क ५० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरात मोबदल्याचा हक्क दिला आणि कलम ३८ ब ने आपल्या सादरीकरणाला आपले नाव लावून घेण्याचा हक्कही दिला. खाजगी वापरासाठी किंवा केवळ अभ्यासासाठी कोणी मुद्रण केले तर अडचण नाही. पण चित्रपटात, जाहिरातीत, पर्यटनाच्या धंद्यात तो आवाज वापरायचा आणि वादकाला जेवण व गाडीभाडे देऊन परत पाठवायचे, हे कायद्यात बसत नाही.

या कायद्याला एक मोठे भगदाडही आहे. तो वादकाच्या वादनाला राखतो, परंपरेने आलेल्या चालीला राखत नाही. चालीचा एक कर्ता दाखवता येत नाही, म्हणून ती कोणीही उचलावी आणि यंत्रावर वाजवून स्वतःच्या नावावर खपवावी. अशा वेळी पेसा कायदा हाताशी आहे. डहाणू आणि तलासरी हे अनुसूचित क्षेत्र आहे. समाजाच्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम आहे, असे १९९६ चा हा कायदा सांगतो. आमच्या पाड्यात येऊन ध्वनिमुद्रण करायचे तर कोणत्या अटींवर, हे ग्रामसभेने ठराव करून ठरवावे. तसेच २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज म्हणून बांबू, मध आणि मेण यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे तारप्याचे सामान गोळा करणे हा वारल्याचा हक्क आहे, वनरक्षकाची मेहेरबानी नाही. रान गेले, ताड गेले, मधाची पोळी गेली, तर पुरस्काराच्या सोहळ्यात वाजवायला तारपा आणणार कोठून?

आमच्या मागण्या साध्या आहेत. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रिकेत तारपावादकाचे पूर्ण नाव छापा. मानधन लेखी ठरवा आणि वादकाच्या हातात द्या, मध्यस्थाच्या नव्हे. डहाणू-तलासरीच्या आश्रमशाळांत तारपा शिकवायचा तर तो तारपावादकाला पगार देऊन शिकवा. त्याच्याकडे पदवी मागू नका. आणि जे म्हातारे वादक आज हयात आहेत, त्यांचे वादन आणि वाद्य घडवण्याची रीत त्यांच्या नावानिशी, त्यांच्या संमतीने नोंदवून ठेवा. माणूस गेला की त्याच्याबरोबर त्याचा कानही जातो.

एक विनंती आमच्या स्वतःच्या समाजाला. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या करण्यासाठी वर्गणीचे पैसे सहज निघतात. त्या भिंतीतला धडधडता आवाज छातीवर आदळतो, पण तो वाजवणारा माणूस तिथे नसतो. पालघर-ठाण्याच्या मंडळांनी एखाद्या वर्षी त्यातले थोडे पैसे बाजूला काढावेत आणि तलासरीच्या तारपावादकाला मंचावर बोलवावे. त्याला सजावट म्हणून कोपऱ्यात उभे करू नये. त्याचे नाव पुकारावे, त्याला खुर्ची द्यावी, तो वाजवत असताना भाषणे बंद ठेवावीत आणि वाजवून झाल्यावर त्याने तो तारपा कसा घडवला हे विचारावे. ज्यांच्या वाडवडिलांना नाव न घेता हाक मारली गेली, त्यांना हे शिकवावे लागू नये. जयभीम!