बाकाराचें तांबडें अत्तर

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा वाद उत्पन्न झाला, आणि नेहमींप्रमाणें निवाड्यासाठीं तो आमच्यापुढें आला. आमच्या धाकट्या सूनबाई बँकेंत नोकरी करितात. बढतीनिमित्त हातीं आलेल्या पैशांतून पॅरिसचें एक अत्तर घ्यावें, असें त्यांच्या मनांत होतें. न्यू जर्सीहून आलेल्या आमच्या पुतण्यानें त्याची दोन मिलिलिटरची नमुन्याची नळी बरोबर आणिली होती. किंमत ऐकून घरांत दोन तट पडले. वास घेतल्यावर चार पडले. असले प्रश्न हल्लीं पुष्कळ घरांत निघूं लागले आहेत, म्हणून या वेळीं तोच विषय वाचकांपुढें ठेवीत आहों.

या अत्तराचें नांव 'बाकारा रूज ५४०'. बाकारा हें पूर्व फ्रान्समधील लोरेन प्रांतांतलें गांव. तेथील स्फटिककांचेचा प्रसिद्ध कारखाना १७६४ सालीं निघाला. २०१४ मध्यें त्यास २५० वर्षें पुरीं झालीं, त्या निमित्तानें फ्रान्सिस कुर्कजियां या पॅरिसच्या गंधकारानें हें अत्तर रचिलें. प्रथम अवघ्या २५० कुप्या काढिल्या होत्या. पुढें २०१५ पासून तें त्याच्या स्वतःच्या पेढीवर विकूं लागलें. 'रूज' म्हणजे तांबडें. ५४० हा आंकडा उष्णतेच्या अंशांचा आहे. सोन्याची पूड मिसळलेली स्वच्छ कांच तितक्या उष्णतेवर तांबडी होते, असें तें तयार करणारे सांगतात. केशर, जाईच्या जातीचें फूल व देवदाराच्या जातीचें लांकूड यांचा भास त्यांत आहे. याशिवाय दोन पदार्थ मुख्य आहेत. एक अँब्रॉक्सन. पूर्वीं देवमाशाच्या पोटांतून निघणाऱ्या अंबराचा वास आतां या पदार्थापासून मिळवितात. दुसरा एथिल माल्टॉल. त्याला तापलेल्या साखरेचा वास असतो. हें अत्तर जगभर खपतें, आणि जितके लोक त्यावर लुब्ध आहेत, जवळजवळ तितकेच त्यास नांवें ठेवितात.

आमच्या घरींहि तेंच झालें. नळी हातोहात फिरली. आमच्या सौ. म्हणाल्या, "कोणाचा तरी पाक करपला आहे." नातवास जत्रेंतल्या म्हातारीच्या केसांची आठवण झाली, आणि तो दुसऱ्यांदा वास घेण्यास पुढें सरला. सूनबाईंना गरम दुधांत केशर घालून तें नव्या लांकडी पाटावर ठेवावें तसा वास येत होता. थोरल्या वहिनींनीं नळी नाकाशीं नेली आणि लगेच परत दिली. "इस्पितळ," एवढेंच त्या म्हणाल्या. शेवटीं आमची पाळी आली. आम्हांस कांहींच वास आला नाहीं.

तेव्हां आम्हीं निकाल देऊन टाकिला कीं, हें पाणी आहे. तेवढ्यावर न थांबतां कनौजच्या अत्तरांचें माहात्म्यहि सांगितलें: तेथें तांब्याच्या डेगेंत फुलें शिजवून त्यांची वाफ चंदनाच्या तेलांत कशी उतरवितात, मातीच्या भाजलेल्या चकत्यांपासून पहिल्या पावसाच्या वासाचें अत्तर कसें काढितात, इत्यादि. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे आणि सोळा द्रव्यांतून चार चार निवडल्यास १८२० प्रकार होतात एवढा हिशेब त्यांत आहे, हेंहि सांगितलें. असला वारसा असलेल्या घरानें पॅरिसकडे नाक कां वळवावें, असा आमचा मुद्दा होता. सूनबाईंनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाल्या, "मामंजी, आपल्याला वास आला नाहीं हें खरें; पण म्हणून तो नाहींच, असें कसें?"

या प्रश्नानें आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली. शाळेंत असतां एका मुलानें नकाशांत मैदानांस तपकिरी व डोंगरांस हिरवा रंग दिला. दोनदां सांगूनहि त्यानें तिसऱ्यांदा तेंच केलें, तेव्हां आम्हीं त्याच्या हातावर छडी मारिली. पुढें कांहीं वर्षांनीं रेल्वेच्या नोकरीसाठीं झालेल्या वैद्यकीय तपासणींत तो मुलगा नापास झाला. त्यास हिरवा व तपकिरी हे रंग वेगळे दिसतच नव्हते. तो स्वतः घरीं येऊन हें सांगून गेला. त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, आणि त्यामुळें आम्हांस अधिकच वाईट वाटलें.

डोळ्यांची जी गोष्ट, तीच नाकाची. लिंडा बक व रिचर्ड अ‍ॅक्सेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९९१ मध्यें नाकांतील गंधग्राहकांचें मोठें कुटुंब शोधून काढिलें. त्याबद्दल त्यांस २००४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. माणसाच्या नाकांत असे सुमारें ४०० प्रकारचे ग्राहक असतात, आणि त्यांची घडण माणसागणिक थोडथोडी निराळी असते. आपण जी कोथिंबीर आमटीवर हौसेनें घालतों, तिला कित्येकांस साबणाचा वास येतो तो याच कारणानें. अंबर-कस्तुरीसारखे जड गंध तर कांहीं लोकांस मुळींच जाणवत नाहींत. आमची गणना त्यांतच होत असावी. जो वास आपणांस येतच नाहीं, त्याची किंमत ठरविण्याचा अधिकार आपणांस नाहीं, हें आम्हीं दुसऱ्या दिवशीं सूनबाईंजवळ कबूल केलें.

पण खरी अडचण निराळीच निघाली. थोरल्या वहिनी 'इस्पितळ' म्हणाल्या, तो त्यांचा शेरा नव्हता. आमचे थोरले बंधु शेवटच्या आजारांत तेवीस दिवस इस्पितळांत होते, आणि वहिनी एकहि रात्र त्यांच्या उशापासून हलल्या नव्हत्या. त्या खोलींत जो वास भरून असे, तोच त्यांस या नळींत आला. हें कळल्यावर सूनबाईंनीं नळी डब्यांत बंद करून ठेविली आणि दोन दिवस तिचें नांव काढिलें नाहीं. एकत्र कुटुंबांत साडी एकटीची असते, अत्तर एकटीचें नसतें; तें लावणारी खोलींतून गेल्यावरहि मागें राहतें. शेवटीं वहिनींनींच तोड काढिली. "तुझे पैसे, तुझी हौस. घरांत लावूं नको, एवढेंच माझें मागणें," असें त्या म्हणाल्या.

मग परीक्षा सुरू झाली. आठ दिवस सूनबाई नळी बँकेंत नेत आणि तेथेंच मनगटावर दोन फवारे मारीत. शेजारच्या टेबलावरील दोघींनीं अत्तराचें नांव विचारिलें. तिसरीचें डोकें दुखूं लागलें, तेव्हां दोहोंचा एकच फवारा केला. पांचव्या दिवशीं आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. दोन तासांनीं त्यांना स्वतःला वास येईनासा होई, परंतु बाजूच्या बाईंस तो संध्याकाळपर्यंत येत असे. आपलें नाक सरावतें, दुसऱ्याचें नाहीं. वास गेला असें समजून पुन्हां लावणारा मनुष्य शेजाऱ्यांस जाच करितो, तो यामुळेंच.

किंमतीचा हिशेब मात्र आम्हीं केला, कारण तेवढें आमच्या अधिकारांतलें होतें. सत्तर मिलिलिटरच्या कुपीस अमेरिकेंत तीनशेंहून अधिक डॉलर पडतात. एका फवाऱ्यास सुमारें दशांश मिलिलिटर धरल्यास कुपींत ७०० फवारे होतात. रोज एक याप्रमाणें ती जवळजवळ दोन वर्षें पुरेल. म्हणजे दिवसास अर्ध्या डॉलराच्या आसपास. एकरकमी आंकडा ऐकून जो धक्का बसतो तो या त्रैराशिकानें पुष्कळ ओसरतो, तथापि रक्कम एकदमच द्यावी लागते हें विसरतां कामा नये. पस्तीस मिलिलिटरची लहान कुपीहि मिळते. या वासाशीं जुळतीं, पुष्कळ स्वस्त अशीं दुसरीं अत्तरेंहि बाजारांत आहेत. तीं आधीं हुंगून पाहावीं.

आमच्या वाचकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, असलें अत्तर नांवावर भुलून किंवा दुसऱ्याच्या स्तुतीवर विसंबून घेऊं नये. आधीं नमुना आणावा. कागदावर हुंगून समाधान मानूं नये, तर अंगावर लावून सबंध दिवस वागवावा, आणि असे निदान आठ दिवस जाऊं द्यावे. ज्यांच्यासोबत आपण बसतों-उठतों त्यांस स्पष्ट विचारावें व त्यांचें उत्तर मनावर घ्यावें. इतकें करूनहि मन त्यावरच राहिलें आणि पैसा आपल्या कष्टाचा असला, तर खुशाल घ्यावें. वडीलधाऱ्यांनीं त्यांत उधळेपणा पाहूं नये.

सूनबाईंनीं दिवाळीस लहान कुपी घेण्याचें ठरविलें आहे. ती बँकेच्या खणांत राहील. नळींत शेवटचे चार थेंब उरले होते, ते आम्हीं काल पुन्हां हुंगून पाहिले. आम्हांस तें अजून पाणीच वाटतें. पण आतां तसें आम्ही मोठ्यानें म्हणत नाहीं.