दोन प्रकाशांचा हिशेब

गेल्या लेखांकात भिंगाचे छिद्र आणि शटर यांचा परस्परसंबंध आपण पाहिला. त्यानंतर वाचक सहजच विचारतील की, सूर्यप्रकाशात जे गणित जमते ते फ्लॅश लावताच का बिघडते? या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकातून मिळाले नाही; ते माझ्या हातून झालेल्या एका चुकीतून मिळाले, आणि ती चूक आता दुरुस्त होणार नाही.

काही वर्षांपूर्वी बंगळूरला मल्लेश्वरम् येथील आमच्या घरी आजीचे सहस्रचंद्रदर्शन झाले. सायंकाळी कणकेच्या ८१ दिव्यांनी तिला ओवाळावयाचे होते. घरातील विजेचे दिवे मालवले होते. त्या पिवळसर उजेडात आजीच्या मुखावरील प्रत्येक सुरकुती जणू सोन्याच्या रेघेने काढलेली दिसत होती. कॅमेरा माझ्या हाती होता. अंधार आहे, तेव्हा फ्लॅश पूर्ण शक्तीने लावावा, एवढाच विचार मी केला. छायाचित्रात आजी आली, परंतु दिवे जणू विझलेलेच होते, आणि मागची भिंत काळीठिक्कर. चित्र पाहून आजी म्हणाली, "अगं, माझ्या तोंडाला पीठ कुणी फासलं?" सगळे हसले, मीही हसले. पुढल्याच वर्षी आजी गेली. त्या दिवसाचे तिचे तेवढे एकच चित्र आमच्यापाशी आहे.

माझी चूक अशी की, चित्रात एक नव्हे, दोन प्रकाश असतात हे मी ध्यानी घेतले नाही. एक प्रकाश त्या जागेचा: सूर्याचा, खिडकीचा किंवा समईचा. तो सतत वाहत असतो, नळाच्या धारेसारखा. शटर जितका वेळ उघडे, तितका तो कॅमेऱ्यात साठतो. दुसरा प्रकाश फ्लॅशचा. तो धार नव्हे, एकदाच ओतलेली लोटी होय. फ्लॅशची चमक साधारणतः सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास आटोपते. मग शटर सेकंदाचा १/३० भाग उघडे असो की १/२००, ती लोटी तेवढीच पडते. म्हणून शटरच्या वेगाने केवळ जागेचा प्रकाश कमीअधिक होतो, फ्लॅशचा नाही. भिंगाचे छिद्र मात्र दोहोंनाही सारखेच आवरते, आणि फिल्मची गती, म्हणजे आजच्या कॅमेऱ्यातील आयएसओ, तीही दोहोंना सारखीच लागू पडते. फ्लॅशला एकट्याला कमीअधिक करणाऱ्या गोष्टी दोनच: त्याची शक्ती आणि त्याचे अंतर.

अंतराचा नियम कठोर आहे. अंतर दुप्पट केले की प्रकाश निम्मा नव्हे, चौथा हिस्सा उरतो. लग्नातील समूहचित्रात पुढे बसलेली मुले पांढरीफटक आणि मागच्या ओळीतील काका अंधारात, याचे कारण हेच. या नियमावरूनच फ्लॅशचा 'गाइड नंबर' काढलेला असतो. त्याला मीटरमधील अंतराने भागले की छिद्राचा एफ-क्रमांक मिळतो. माझ्या फ्लॅशचा गाइड नंबर आयएसओ १०० ला २८ आहे. आजी दोन मीटरवर होती, म्हणजे पूर्ण शक्तीला एफ १४ हवे होते. मी ठेवले होते एफ ८. चेहऱ्यावर तिपटीने प्रकाश पडला, आणि १/२०० या वेगामुळे दिव्यांचा प्रकाश आत येण्यापूर्वीच शटर मिटले.

आता हाच हिशेब भर दिवसा करून पाहू. लालबागेतील काचगृहाची पायाभरणी १८८९ साली झाली, आणि प्रजासत्ताकदिन व स्वातंत्र्यदिन यांच्या सुमारास तेथे भरणारी पुष्पप्रदर्शने बंगळूरकरांच्या कुटुंबजीवनाचा एक भागच झाली आहेत. ऑगस्टमध्ये आभाळ भरून असते. काचांतून येणारा उजेड पाठीमागून पडतो, आणि फुलांपुढे उभ्या केलेल्या मुलांचे चेहरे काळवंडतात. येथे प्रथम फ्लॅश बंद ठेवून फुलांचा प्रकाश साधावा. कॅमेऱ्यातील मापक फक्त जागेचाच प्रकाश मोजतो; अजून न चमकलेला फ्लॅश त्याला कोठून दिसणार? समजा, आयएसओ २०० ला एफ ५.६ आणि १/१२५ असे माप मिळाले. ते ठरवून टाकावे. आता फ्लॅशकडे वळावे. आयएसओ दुप्पट झाला की गाइड नंबर सुमारे १.४ पट होतो. म्हणजे २८ चे ४० झाले. मुले अडीच मीटरवर असतील तर पूर्ण शक्तीला एफ १६ लागेल. आपण आहोत एफ ५.६ वर, म्हणजे तीन पायऱ्या अधिक उजेडात. तेव्हा शक्ती तीनदा निम्मी करावी: १/८. पण इतक्याने चेहरा फुलांशी स्पर्धा करू लागतो. मला आणखी एक पायरी खाली, १/१६ हीच बरी वाटते. फ्लॅश लागला होता हे पाहणाऱ्याच्या ध्यानी येऊ नये.

एक मर्यादा सांभाळावी. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० यांहून वेगवान शटरला साधा फ्लॅश चालत नाही. शटरचा एक पडदा पुरता उघडण्यापूर्वी दुसरा मिटू लागतो आणि चित्राचा एक भाग काळा राहतो.

हे गणित आज आपण पडद्यावर लगेच पडताळू शकतो. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात वाघांची चित्रे टिपली, तेव्हा तारेला पाय लागताच मॅग्नेशियमची पूड पेटे. त्यांचे पुस्तक १९२७ चे आहे. बंगळूरचे वन्यजीव-छायाचित्रकार टी. एन. ए. पेरुमाळ (१९३२–२०१७) यांच्या पिढीनेही फिल्म धुऊन होईपर्यंत निकालाची वाट पाहिली. त्यांच्यापुढे आपली अडचण ती काय!

आणि आजीचे दिवे? ते आज टिपावयाचे असते तर मी आयएसओ ८००, एफ २.८ आणि १/३० घेऊन आधी फ्लॅशविना ज्योती व त्यांचा उजेड साधला असता. मग फ्लॅश थेट मुखावर न रोखता पांढऱ्या छताकडे वळवून १/३२ शक्तीने आरंभ केला असता, आणि चित्र पाहून एक पायरी वर वा खाली सरकले असते. फ्लॅशचा प्रकाश दिवसासारखा पांढरा, तेलाच्या दिव्याचा पिवळा. दोहोंचे सूत जुळावे म्हणून फ्लॅशवर नारिंगी पारदर्शक कागद बांधला असता. १/३० ला हात कापतो, म्हणून कोपर भिंतीला टेकवून श्वास रोखावा लागला असता.

ज्यांच्या घरी असा समारंभ जवळ आला असेल त्यांनी आदल्या सायंकाळीच तालीम करावी. ज्या पाटावर वडीलधाऱ्यांना बसवावयाचे तेथे त्यांच्या मुखाच्या उंचीवर एखादा नारळ ठेवावा, पाचसहा दिवे लावावेत, घरातील इतर दिवे मालवावेत आणि साधलेली मापे कागदावर लिहून खिशात ठेवावीत. नारळाच्या शेंड्या दिसल्या आणि ज्योतही पिवळी राहिली की मापे जमली असे समजावे. दिव्यांची संख्या वाढली की उजेड वाढेल. तेव्हा फक्त शटर १/६० वर न्यावे, फ्लॅशला हात लावू नये.

पुढील अंकी फ्लॅश बाजूने धरला असता सावल्या कशा पडतात ते पाहू.