खालचा आकडा

बाबांच्या किराणा डायरीत दरवर्षी दिवाळीआधीचं एक पान ठरलेलं असायचं. चकलीची भाजणी, रवा, पिठीसाखर, वेलदोडे, सुकं खोबरं. त्याच पानाच्या समासात बारीक अक्षरांत आणखी काही आकडे असत: 160/100, 156/98. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मोजून आले की ते चपला काढायच्या आधी लिहून ठेवत. एका वर्षी यादी तशीच होती, समास मात्र कोरा. “बरं वाटतंय, मग गोळी कशाला?” म्हणून त्यांनी औषध आपलं आपणच थांबवलं होतं. पुढच्या वसुबारसेला सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप निसटला. त्यांचा उजवा हात अजूनही पुरता वळत नाही.

आमच्या मासिकाचा यंदाचा अंक हृदयावर काढायचं ठरलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते हे पान. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, ताप आणत नाही. गोळी घेतली म्हणून आज काय टळलं, हे ज्याचं टळलं त्याला कधीच कळत नाही. न घडलेली गोष्ट दिसणार कशी? ती दिसते फक्त पुष्कळ माणसं शेजारी शेजारी ठेवून मोजली की. हृदयरोगावरच्या वैद्यकीय संशोधनाचं सगळं मोल मला या एका अडचणीत दिसतं.

आणि ही अडचण डॉक्टरांनाही होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक नामवंत डॉक्टर मानत होते की अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलायला शरीराला तेवढा दाब लागतोच. तो उतरवला तर इजाच होईल. कारण न सापडणाऱ्या उच्च रक्तदाबाला इंग्रजीत ‘इसेन्शियल’ म्हणत, आणि त्या शब्दाचा ‘आवश्यक’ हा अर्थ या समजुतीशी जुळून गेला. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब 300/190 भरला होता. तो वर्षानुवर्षं चढत गेलेला होता आणि तो खात्रीने उतरवील असं औषध त्यांच्या डॉक्टरांपाशी नव्हतं.

त्याच दशकात मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील सर्पगंधेच्या मुळीचा अभ्यास करत होते. झोप लागत नाही, डोकं फिरलंय, साप चावलाय, अशा कामी ही मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. 1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाबही उतरवते असं लिहिलं होतं. वकिलांनी उच्च रक्तदाबाचे 50 रुग्ण घेतले, त्यांना मुळीच्या गोळ्या दिल्या, आधीचा दाब आणि नंतरचा दाब नोंदवला आणि 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यावर निबंध छापून आणला. 50 ही संख्या आज फार लहान वाटेल. पण तो निबंध वाचून बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी मुळी मागवून वापरून पाहिली. 1952 साली स्वित्झर्लंडमधल्या बासेल इथे तिच्यातलं मुख्य द्रव्य, रेसर्पिन, वेगळं काढलं गेलं. 1957 साली वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे ही कथा सांगताना बहुतेक जण मुळीपाशीच थांबतात: पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. मला हे पटत नाही. पूर्वजांना मुळी ठाऊक होती, आणि ते थोडं नव्हे. पण कोणाला दिली, किती दिली, दाब कितीवरून कितीवर आला, कोणाला काही झालं नाही, हे लिहून ठेवायला वही लागते. माझा अभिमान त्या वहीचा आहे. (जंगलातली सर्पगंधा आपण इतकी उपटली की 1990 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. अभिमान मुळीचा असता तर निदान तिचं रोप तरी आपण राखलं असतं.)

तरीही मोठा प्रश्न शिल्लकच होता. दाब उतरतो हे खरं, पण माणूस वाचतो का? त्याचं उत्तर वॉशिंग्टनच्या डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून मिळवलं. 143 पुरुष, सगळ्यांचा खालचा आकडा 115 ते 129. आधी त्यांची चिकाटी पाहिली. गोळीत रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व घातलं होतं. ते पोटात गेलं की लघवी अतिनील प्रकाशात चमकते. न चमकणाऱ्याने गोळी घेतलेलीच नाही, हे त्यावरून समजे. मग चिठ्ठी टाकावी तसे गट पडले. 73 जणांना तीन औषधं एकत्र मिळाली, त्यांतलं एक आपलं रेसर्पिन. 70 जणांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नव्हतं आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नव्हतं.

1967 साली निकाल छापून आला. औषध घेणाऱ्यांत गंभीर घटना 2, न घेणाऱ्यांत 27. न घेणाऱ्यांत मृत्यू 4, घेणाऱ्यांत एकही नाही. फरक इतका उघड होता की प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला.

मी त्या 70 जणांचा विचार पुन्हा पुन्हा करते. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. ते रोज नेमाने गोळ्या पाण्याबरोबर गिळत होते आणि त्या गोळ्यांत काहीच नव्हतं. औषधाने भलं होतं की बुरं, हे तेव्हा खरोखर कोणालाच ठाऊक नसल्यामुळे हा प्रयोग करणं रास्त होतं. आज तोच प्रयोग केला तर ते पाप ठरेल, आणि पाप ठरेल ते त्या 70 जणांमुळेच. रेसर्पिन आता मागे पडलंय. नाक चोंदतं, काहींना उदासी घेरते, आणि त्याहून बरी औषधं आली आहेत. पण सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा या जिल्ह्यांतल्या सरकारी दवाखान्यांत 2017 नंतर रक्तदाबाच्या रुग्णांची नोंद ठेवून त्यांना नियमित गोळ्या पोचवण्याचं जे काम सुरू झालं, त्याच्या तळाशी ते 143 जण आहेत.

आता मराठी मासिकाची संपादक म्हणून मला छळणारी गोष्ट. आपल्या देशातही अशा चाचण्या होतात. 2009 पासून त्यांची सार्वजनिक नोंदणी सक्तीची आहे, रुग्णाची लेखी संमती लागते आणि ती त्याला समजणाऱ्या भाषेत घ्यावी लागते. मागच्या वर्षी नात्यातल्या एका मावशींना अशा अभ्यासात सामील होणार का, असं विचारलं गेलं. हातात नऊ पानी मराठी संमतीपत्रक. ‘यादृच्छिकीकरण’, ‘सदर सहभागी’, ‘प्रतिकूल घटनांचे व्यवस्थापन’. सातवी शिकलेल्या मावशी, त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, “हे माझ्याबद्दल आहे का?” मग डॉक्टर चांगले दिसतात म्हणून त्यांनी सही केली. त्या सहीला संमती म्हणायला माझं मन घेत नाही. चूक एकट्या अनुवादकाची नाही. आजारपणाबद्दल साध्या, नेमक्या मराठीत लिहिण्याची सवयच आपण सगळ्यांनी सोडून दिली आहे, आणि मासिकं चालवणारे आम्हीही त्यात आलो.

म्हणून या अंकात कथा-कवितांच्या शेजारी एक पान निराळं आहे. दोन डॉक्टर, एक नर्सताई आणि मी, आम्ही चौघांनी बसून त्या नऊ पानांचं एक पान केलं. ‘तुम्हाला खरी गोळी मिळेल की नुसत्या पिठाची, हे नाणं उडवल्यासारखं ठरेल. ते तुम्हाला कळणार नाही, तुमच्या डॉक्टरांनाही कळणार नाही.’ अशा वाक्यांचं ते पान आहे. कायद्याच्या कसोटीला ते अजून उतरायचं आहे. तज्ज्ञांनी त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात, आम्ही त्या छापू.

छपाईला देण्याआधी मी ते बाबांना वाचून दाखवलं. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं. शेवटी म्हणाले, “आणि मधेच नको वाटलं, तर सोडता येतं का गं?”

येतं, ते तेराव्या ओळीत होतं. आता ते पहिल्या ओळीत आहे.