वही खोताकडे का म्हणून राहावी?

कुळाला खोताने चाबकाने जेवढे लुटले नाही तेवढे वहीने लुटले. आमच्या जुन्या कुलाबा जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. १९३३ साली चरीच्या शेतकऱ्यांनी पुकारलेला संप १९३९ पर्यंत चालला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कूळ निरक्षर, वही खोताच्या ओटीवर. किती दिले, किती राहिले, हे खोत सांगेल तेच खरे. खोती गेली. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीही बंद झाली. पण उचल घेऊन वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकरी बांधवाचा हिशेब आजही मालकाच्याच वहीत असतो.

आणि शेलू, वांगणी, नेरळ पट्ट्यात राहायला आलेल्या आपल्या माणसांचा हिशेब कोणाकडे आहे? मुंबईत घर परवडत नाही म्हणून कर्ज काढून इथे वन रूम किचन घेतले. घरातला कर्ता पहाटेची लोकल पकडून ठेकेदाराकडे सफाईला, सिक्युरिटीला जातो. पगारातून पीएफ कापला जातो. तो भरला जातो का, हे विचारले तर 'ऑफिसला विचारा' हे ठरलेले उत्तर.

आम्ही म्हणतो, ऑफिसला विचारण्याआधी स्वतः पाहा. ईपीएफओचे पासबुक इंटरनेटवर फुकट दिसते. यूएएन क्रमांक सुरू करून घेतला की कोणत्या महिन्याला किती जमा झाले ते मोबाईलवर वाचता येते. पगाराच्या पावतीवर कपात आहे आणि पासबुकात जमा नाही, तर हा फक्त उशीर नव्हे, तो फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. जुन्या दंडविधानाच्या कलम ४०५ च्या स्पष्टीकरणात हे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्येही आहे. आमच्याकडे कामगार येतात ते पाच-सात वर्षांनी. तोवर ठेकेदार बदललेला, पावत्या हरवलेल्या. तेच पासबुक दरमहा पाहिले असते तर भांडण तिसऱ्या महिन्यात उभे राहिले असते.

घरकर्जाचेही तेच. बँकांच्या संकेतस्थळांवर हप्ता काढण्याचे गणकयंत्र फुकट असते. पंधरा लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षे असे आकडे त्यात घालून पाहा. हप्ता साडेतेरा हजारांच्या आसपास येतो आणि एकूण फेड बत्तीस लाखांच्या वर जाते. मुदत पंधरा वर्षे केली तर हप्ता सुमारे सतराशे रुपयांनी वाढतो, पण पाच लाख वाचतात. बिल्डरचा एजंट हे सांगत नाही. त्याचा धंदा फ्लॅट विकण्याचा आहे. बदलत्या व्याजदराचे घरकर्ज मुदतीआधी फेडले तर दंड लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना बजावले आहे. हेही कोणी आपणहून सांगत नाही. सिबिलसारख्या चार कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला कर्जइतिहास फुकट मागता येतो. आपल्या नावावर भलत्यानेच कर्ज घेतले आहे का, ते त्यात कळते.

मात्र फुकट दिसते ते सगळे फुकट नसते. पाच मिनिटांत कर्ज देणारे अ‍ॅप हा नवा सावकार आहे. त्याला ओटी लागत नाही, तो तुमच्या मोबाईलमधली नावांची यादी आणि फोटो मागतो आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून अब्रू काढतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा अ‍ॅपला ती यादी उघडताच येत नाही. कोणी उघडली तर गप्प बसू नका, फसवणूक झाली तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

३० डिसेंबर २०१६ रोजी सरकारने पैसे पाठविण्याच्या अ‍ॅपला बाबासाहेबांचे नाव दिले. नाव दिले, छान झाले. पण १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाच्या अनुयायांना आपल्या घराचा ताळेबंद मांडता येतो का, हे कोण पाहणार? तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग सांगितले: एक उपभोगाला, दोन व्यवसायाला आणि चौथा अडीअडचणीसाठी राखलेला. आपल्याकडे चौथा भाग लग्नाच्या मांडवात आणि डीजेत जातो, हे कडू असले तरी खरे आहे.

विहारात रविवारची वंदना झाली की एक तास हिशेबाला द्यावा, असे आम्ही शेलूच्या तरुणांना सुचवितो. मोबाईलवरच्या फुकट तक्त्यात विहाराच्या वर्गणीचा जमाखर्च सर्वांना दिसेल असा ठेवला तर तिथूनच शिकायला सुरुवात होईल. वडीलधाऱ्यांनी आणि आयाबहिणींनी सोबत पगाराची पावती, यूएएन क्रमांक आणि कर्जाचे कागद आणावेत. पिन आणि ओटीपी मात्र कोणालाही सांगू नये, शिकविणाऱ्या पोरालासुद्धा.