तीन नावांची एक खुर्ची

पूर्वी सरकारी कचेरीत खुर्च्या घ्यायच्या झाल्या की तीन कोटेशने लागत. बिलंदर दुकानदार तिन्ही स्वतःच आणून देई. लेटरहेडे तीन, रबरी शिक्के तीन, हस्ताक्षर मात्र एकच. लेखाधिकाऱ्यालाही ते दिसे. पण तीन कागद टाचले की फाइल सरके.

हे थांबावे म्हणून केंद्र सरकारने ऑगस्ट २०१६ मध्ये 'जेम' हे खरेदीचे पोर्टल आणले. २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत नियम १४९ आला : ५० हजारांहून अधिक आणि ३० लाखांपर्यंतची खरेदी असेल, तर किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या मालाचे दर ताडून सर्वांत स्वस्त तो घ्यावा. (मर्यादा मागाहून बदलल्या.) 'तीन विक्रेते' न म्हणता 'तीन उत्पादक' म्हटले, हे शहाणपणाचेच. पण पडद्यावर उत्पादक ओळखायचा तो ब्रँडवरून, आणि ब्रँडचा रकाना भरतो विक्रेता! गोदाम तेच, खुर्ची तीच. पाठीवरचे स्टिकर बदलले की उत्पादक तीन झाले. शिक्के तयार करण्याचा खर्चही वाचला.

यावर ट्रेडमार्कचा कागद मागावा, तर त्यातही मौज. ट्रेडमार्कच्या नोंदणीचे एकूण ४५ वर्ग आहेत. कपडे २५व्या वर्गात, फर्निचर २०व्यात. सदऱ्यासाठी नोंदवलेले नाव खुर्चीला चिकटवून 'नोंदणीकृत ब्रँड' म्हणवणे म्हणजे शेजाऱ्याचे रेशनकार्ड दाखवून साखर उचलण्यासारखे आहे. शिवाय अर्ज केल्याची पावती वेगळी नि नोंदणीचे प्रमाणपत्र वेगळे. नोंदणी खात्याची यादी कोणालाही ऑनलाइन फुकट पाहता येते. खात्याचे मुख्यालय तर आपल्या मुंबईत, अँटॉप हिलला! नाव, वर्ग आणि मालक जुळतात का, हे पाहायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही.

ज्याचा ब्रँडच नाही त्याने सरळ 'अनब्रँडेड' लिहावे. पण त्या शब्दाचा खरेदी समितीला धसका. उद्या ऑडिटवाल्याने विचारले तर? मग चांगला माल करणारा छोटा कारखानदारही घाईघाईने एखादे इंग्रजी वळणाचे नाव शोधतो. खरे लिहिणारा मागे आणि बारसे करणारा पुढे, असा हा बाजार.

सहा महिन्यांनी खुर्ची डुगडुगू लागते. वॉरंटीसाठी फोन फिरवावा, तर तिन्ही ब्रँडांचा फोन एकच माणूस उचलतो.