तासांपुरता हिवाळा

महाराष्ट्रातला हिवाळा पहाटे येतो, दुपारी नाहीसा होतो आणि दिवेलागणीला परततो. जानेवारीत पुण्याचे पहाटेचे सरासरी तापमान ११ अंशांच्या आसपास, तर दुपारचे ३० अंशांच्या आसपास असते. ढग गेलेले, हवा कोरडी, समुद्र लांब. त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब निरभ्र आकाशात सोडून देते आणि उजाडेपर्यंत गार पडते. दहाच्या सुमारास स्वेटर खुंटीवर जातो आणि संध्याकाळी पुन्हा अंगावर चढतो. पुस्तक घेऊन उन्हात बसणे, गोधडीत शिरून सिनेमा पाहणे, शेकोटीभोवती जमणे, चुलीजवळ काही गरम खाणे ही या ऋतूची म्हणून जी घरगुती सुखे मानली जातात, ती सगळी या वेळापत्रकात बसलेली आहेत. त्यांच्यावर आक्षेपही पुष्कळ घेतले जातात. इथे खरा हिवाळाच नाही, हा एक. ही सगळी युरोपातून उचललेली हौस आहे, हा दुसरा. आणि थंडीचे कौतुक पांघरूण असलेल्यांनाच परवडते, हा तिसरा. पहिल्या दोहोंत फारसा दम नाही, तिसऱ्यात आहे.

पहिल्या आक्षेपाला आकड्यांनी उत्तर देता येते. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांवर उतरला होता. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश नोंदले गेले. दमट आणि उबदार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुंबईतही जानेवारी १९६२ मध्ये ७.४ अंशांची नोंद आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या रात्रींनंतर गवतावर हिमकण दिसतात. निफाड परिसरात पारा फार खाली गेला की मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागतात. बागायतदाराला हिवाळा खरा की खोटा, हा प्रश्न पडत नाही.

पण आकड्यांची ही लढाई जिंकून फार काही साधत नाही, कारण लेहमधला माणूस या सगळ्या आकड्यांना हसेल. आक्षेपाची चूक आकड्यात नाही, मोजण्याच्या रीतीत आहे. थंडीचे सुख थंडीच्या प्रमाणात वाढत नाही. ते दोन तापमानांमधल्या अंतरातून येते, आणि अठरा-एकोणीस अंशांचे अंतर एकाच दिवसात ओलांडणाऱ्या दख्खनच्या पठारावर हे अंतर भरपूर आहे. मुंबई आणि कोकणपट्टीत समुद्र ते कमी करतो; तिथला हिवाळा खरोखरच पातळ आहे, हे मान्य करायला हरकत नाही. उरलेल्या प्रदेशाची साक्ष भाषा देते. गारवा, गारठा, हीव, कडाका, शिरशिरी, हुडहुडी हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. थंडी गुलाबी असते तशी बोचरीही असते, आणि माणूस काकडतो त्याच्या आधी कुडकुडतो की नंतर, यावर वाद घालता येतो. ज्या प्रदेशात हिवाळा नाही तिथल्या भाषेला इतक्या पायऱ्या लागल्या नसत्या.

दुसरा आक्षेप अलीकडचा आहे. डेन्मार्कमधला 'ह्युगे' हा शब्द, म्हणजे घरातल्या उबदार, निवांत सहवासाची कल्पना, २०१६च्या सुमारास इंग्रजी पुस्तकांतून जगभर पसरला. मेणबत्त्या, लोकरी मोजे, कोकोचा पेला, मांडीवर उघडे पुस्तक हे चित्र मराठी घरांतही पोहोचले. त्यावरून हिवाळ्यातली घरगुती सुखेच परकी आहेत, असा निष्कर्ष काढला जातो. चित्र परके आहे, यात शंका नाही. सुख मात्र फार जुने आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात ऋतुचर्या सांगितली आहे. हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो, म्हणून स्निग्ध आणि पोटभर आहार घ्यावा, उबदार गर्भगृहात राहावे, जाड पांघरुणे वापरावीत, असे तिथे म्हटले आहे. घरात बसण्याचा सल्ला वैद्यकानेच दिल्यावर परदेशातून परवानगी आणण्याची गरज राहत नाही. हालाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे सातवाहनकाळाशी जोडल्या जाणाऱ्या महाराष्ट्री प्राकृतातल्या संग्रहात, ऐन माघात पांघरूण विकून बैल घेणारा एक शेतकरी भेटतो. तरुण बायकोची ऊब हाच त्याचा बिनधुराचा तुसाचा विस्तव आहे, त्यामुळे पांघरुणावाचून त्याचे अडत नाही. घरगुती सुखाची इतकी नेमकी नोंद डॅनिश पुस्तकांतही सहज सापडणार नाही.

वाचनाबाबत तर कालक्रमच उलटा लागतो. आइसलंडमध्ये नाताळला पुस्तके भेट देण्याच्या प्रथेचे आज जगभर कौतुक होते. ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रुजली, कारण बाकीच्या वस्तूंची टंचाई असताना कागद मिळत होता. घरोघर जाणारी तिथली पुस्तकसूची १९४४ पासूनची आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. सणाला वाचनाशी बांधण्याची कल्पना मराठीत पस्तीस वर्षे आधी आली. याचा अभिमान बाळगण्याचे कारण नाही. उसनेपणाचा आरोप मात्र यापुढे उभा राहू शकत नाही.

असे असले तरी ह्युगेची नक्कल करणाऱ्यांचा बचाव या लेखाला करायचा नाही. डिसेंबरअखेर कोपनहेगनमध्ये दिवस जेमतेम सात तासांचा असतो. तिथल्या मेणबत्त्या थंडीपेक्षा अंधाराला उत्तर देतात. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा आणि लख्ख उन्हाचा असतो. तिथे खिडक्या लावून, पडदे ओढून, वातानुकूलन यंत्राने खोली गार करून वर रजई घेणे हा प्रकार विनोदीच म्हणावा लागतो. मराठी हिवाळ्याचे घर बंद नसते. ते अंगणात, ओसरीवर, गच्चीवर सांडलेले असते. मराठी माणूस हिवाळ्यात ऊन 'खातो', आणि हे खाणे दार उघडल्याशिवाय जमत नाही.

या उघड्या घराचा केंद्रबिंदू विस्तव आहे. रब्बी ज्वारीचे कणीस दुधात भरून दाणा कोवळा असतो त्या मोजक्या दिवसांत हुरडा होतो. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजायची, हातावर चोळायची आणि गरम दाणे शेंगदाण्याच्या किंवा लसणाच्या चटणीबरोबर खायचे. गूळभेंडीसारखे गावरान वाण यासाठी पूर्वीपासून राखले गेले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' हे वाण खास हुरड्यासाठी दिले, म्हणजे एका घरगुती चवीची दखल पीक पैदासकारांनीही घेतली. रायगडात अलिबाग-पेणकडे याच दिवसांत पोपटी लागते. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडके भरायचे, तोंड पाल्यानेच बंद करायचे आणि मडके उपडे ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. त्यात पाण्याचा थेंब पडत नाही. खानदेशात कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भरताची हिरवी वांगी भाजली जातात. जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिन्ही ठिकाणचे जळण पाहण्यासारखे आहे: शेणाची गोवरी, भाताचा पेंढा, कपाशीची काडी. तिन्ही वस्तू शेताच्या उरलेल्या आहेत, बाजारातून आणलेल्या नाहीत. गोधडीचेही तेच. जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली ती टाकाऊ कापडाचीच वस्तू असते. हिवाळ्याचे सुख ही चैन आहे असे म्हणणाऱ्यांनी या वस्तूंची किंमत काढून पाहावी. शहराबाहेरच्या कृषी पर्यटन केंद्रांत हुरड्याचे ताट चांगलेच महाग मिळते, हे खरे. पण तो दोष शहराच्या भुकेचा आहे.

पुस्तक आणि सिनेमा या विस्तवापासून दूर नाहीत. दिवाळी अंक आश्विन-कार्तिकात, थंडीच्या उंबऱ्यावर हातात पडतो. त्यात कथा, लेख, कविता, व्यंगचित्रे, राशिभविष्य असे सगळे सुटे-सुटे असते, आणि म्हणून तो तासांपुरत्या हिवाळ्याला शोभतो. सकाळच्या उन्हात एक कथा होते, रात्री पांघरुणात एक लेख. जाड कादंबरी हे खरे तर पावसाळ्याचे वाचन आहे. तिला दिवसभर कोंडून ठेवणारा ऋतू लागतो. अनेक ग्रंथालये दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी घेतात. मग एकेक अंक घरोघर फिरत राहतो, कोपरे दुमडतात, शब्दकोडे कुणीतरी आधीच सोडवलेले असते.

सिनेमाचा हिवाळा ग्रामीण महाराष्ट्रात जत्रेबरोबर येतो. पाऊस संपलेला, खरिपाचे पैसे हातात आलेले आणि रात्र कोरडी, अशा तीन गोष्टी जुळल्या की तंबूतला सिनेमा शक्य होतो. डिसेंबर-जानेवारीत भरणाऱ्या पुसेगावच्या सेवागिरी यात्रेसारख्या जत्रांत फिरत्या टॉकीजचे तंबू उभे राहत. प्रोजेक्टर ट्रकमध्ये, पडदा तंबूच्या टोकाला आणि प्रेक्षक जमिनीवर, घोंगडीसकट. या व्यवसायाची उतरती कळा आणि रिळांकडून डिजिटलकडे झालेला प्रवास शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात आला असून तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. शहरी प्रेक्षकाच्या वाट्याला याच काळात महोत्सव येतात: गोव्यातला इफ्फी नोव्हेंबरात, पुण्यातला पिफ बहुधा जानेवारीत. हातातल्या फोनमुळे हे सारे कालबाह्य झाले, असे म्हटले जाते. फोनने सिनेमा घरात आणला हे खरे, पण एका घोंगडीत तिघांनी बसून पाहिलेला सिनेमा हातभर अंतरावरच्या पडद्यावर एकट्याने पाहिलेल्या सिनेमापेक्षा वेगळा राहतो, आणि ते वेगळेपण पडद्याच्या आकारातून आलेले नाही.

आता तिसरा आक्षेप. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम नेमका याच महिन्यांत चालतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून उचल घेऊन निघालेले मजूर उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबातला एक कोयता. ज्या पहाटेला गुलाबी म्हटले जाते, त्याच पहाटे ही जोडी मोळ्या वाहत असते. गव्हाला आणि हरभऱ्याला पाणी द्यायचे तर कृषिपंपाला वीज अनेकदा रात्री मिळते. मग शेतकरी गारठ्यात, बिबट्याच्या धास्तीने बांधावर उभा राहतो. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आखावी लागली, यावरून या रात्रींचा जाच कळतो. घरातही हिशेब सरळ नाही. धुंधुरमासात सूर्योदयालाच खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी, भरीत असे पूर्ण जेवण जेवण्याची रीत मोठी लोभस आहे. पण ते जेवण उजाडताना ताटात पडावे म्हणून तीन-चारला उठून चूल पेटवणारे हात बहुतेक घरांत बाईचेच असत. डिंकाच्या लाडवांसाठी खारीक कुटणे, डिंक तुपात फुलवणे, खोबरे किसणे हेही तिच्याचकडे.

हा आक्षेप खोडता येत नाही. तो लागू कुठे होतो, एवढे तपासता येते. सुख कुणाच्या झोपेतून वजा होते, हा प्रश्न प्रत्येक प्रथेला विचारला की उत्तरे वेगवेगळी मिळतात. जुन्या पद्धतीचा धुंधुरमास या कसोटीवर नापास होतो. घरातले सगळे उठून कामाला लागले तर तो पास होईल, आणि काही घरांत तो तसा होऊ लागला आहे. शेतावरचा हुरडा पास होतो, कारण भाजणारा आणि खाणारा एकाच आगटीभोवती बसलेला असतो. ग्रंथालयातला अंक निर्विवाद पास होतो. शहरातली पाल्यापाचोळ्याची शेकोटी मात्र वेगळ्या कारणाने नापास ठरते. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहते, वारा मंदावतो आणि धूर वर जाण्याऐवजी गल्लीतच घोटाळतो. मोकळ्या रानात जे चालते ते दाट वस्तीत शेजाऱ्याच्या छातीत जाते. तिथे शेकोटीचा हट्ट सोडणेच बरे. मजुराच्या बाबतीत उरते ते एवढेच: त्याच्या कोपीवर ताडपत्री आणि अंगावर पांघरूण नसणे हा मजुरीचा आणि कंत्राटाचा प्रश्न आहे, आणि इतरांनी गोधडी टाकून दिल्याने त्याचा गारठा कमी होत नाही. जत्रेच्या तंबूत तिकीट काढून बसणाऱ्यांत मजूरही असत, ही गोष्ट सुखाला केवळ पोट भरलेल्यांच्या खात्यावर टाकताना विसरली जाते.

महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असे गावाकडे म्हणतात. तोवर ज्वारीचा दाणा घट्ट झालेला असतो आणि हुरड्याचे दिवस संपतात. ग्रंथालये दिवाळी अंक परत मागू लागतात. होळीच्या आसपास गोधड्या नदीवर किंवा नळाखाली धुतल्या जातात, कडक उन्हात वाळतात आणि घडी घालून पेटीत जातात.